माणगावकर सरांचा निळा साबुदाणा

साबुदाणा भिजत घातला की मला माणगावकर सर आठवतात. उपासाच्या दिवशी कुणाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलते. पातेल्यात टपोरे फुगलेले पांढरे दाणे बघता बघता मला निळे दिसायला लागतात आणि त्यांच्यामागे पांढराशुभ्र शर्ट घातलेले, हात पाठीशी बांधलेले, मान जरा वर केलेले डॉक्टर श्रीनिवास माणगावकर उभे राहतात. नव्वदच्या दशकातली चार वर्षं मी लखनौत त्यांच्या हाताखाली काढली. या चार वर्षांत त्यांच्याकडून काय शिकलीस असं कुणी विचारलं, तर काचेची भांडी न फोडता धुवायला शिकले, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल.

आमचे हे हवाई दलात सार्जंट होते, इंजिन फिटर. त्यांची बदली लखनौला झाली आणि आम्हाला बख्शी का तालाबला क्वार्टर मिळालं. मी कऱ्हाडची, रसायनशास्त्रातली बी.एस्सी. शेजारणींबरोबर स्वेटर विणत बसायचा कंटाळा आला तेव्हा पेपरात एका सरकारी प्रयोगशाळेची जाहिरात दिसली. प्रोजेक्ट असिस्टंट पाहिजे होती, नेमणूक एका वर्षाची, पुढची मुदत काम बघून. मुलाखतीच्या दारावर मराठी नावाची पाटी बघून मला केवढा धीर आला होता. सरांनी माझा अर्ज वाचला, "कऱ्हाड" एवढंच म्हणून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे पुण्याला जाऊन शिकायला काही जमलं नाही तर?" मी नाही म्हटलं. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि मला घेतलं. आपल्यापेक्षा कमी असलेली माणसंच भोवती ठेवायची हा त्यांचा नियम होता, हे मला पुढे कळलं.

प्रोजेक्ट होता कापड रंगवणाऱ्यांच्या सांडपाण्यातला रंग काढण्याचा. गवारीच्या बियांपासून डिंकासारखी एक पूड निघते. तिच्यावर रसायनांची प्रक्रिया करून तिच्या लांबलचक रेणूंना नव्या शेपट्या जोडायच्या, म्हणजे त्या शेपट्या पाण्यातल्या रंगाला धरून ठेवतात. अशा पॉलिमरचे सरांनी बारीक दाणे तयार केले होते. निळ्या पाण्यात टाकले की दाणे फुगायचे, रंग पिऊन घ्यायचे, हळूहळू तळाशी बसायचे आणि वर नितळ पाणी राहायचं. बघायला ते फार सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. आमचा लॅब अटेंडंट रामसजीवन त्याला साबुदाणा म्हणायचा. सरांना तो शब्द खपायचा नाही. "मॉडिफाइड पॉलिमर बोलने का," असं ते त्याला बजावायचे. तो "जी साहब" म्हणायचा आणि वळल्यावर मला विचारायचा, "मैडम, आज कितना साबुदाना भिगोएँ?"

सर अठरा वर्षं लखनौत होते आणि त्यांची हिंदी अजून स्टेशनवर उतरून टांग्याची वाट बघत होती. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही, उलट अभिमान होता. ज्या शहरात माणसं रिक्षावाल्याशीसुद्धा "आप" म्हणून बोलतात, तिथे हे भाजीवाल्याला "तुम इधर आव" म्हणायचे. लखनौचे लोक त्यांच्या लेखी "ही माणसं" होते. ही माणसं वेळ पाळत नाहीत, ही माणसं पान खाऊन थुंकतात, या माणसांना सायंटिफिक टेंपर नाही. आमच्या पुण्यात असं नसतं, हे वाक्य दिवसातून एकदा तरी यायचंच. पुणं त्यांनी तिशीत सोडलं होतं आणि परत जायचा एकही अर्ज त्यांनी कधी केला नाही, कारण पुण्यात त्यांच्यासारखे गल्लीत चार सापडले असते.

आणि तो शर्ट. रंगावर काम करणाऱ्या माणसाच्या शर्टावर चार वर्षांत मी एक ठिपका पाहिला नाही. आमची बोटं, नखं, रामसजीवनची चप्पल, फरशीच्या फटी, सगळं निळं असायचं. सर मात्र दारात उभे राहून सूचना करायचे आणि बाटली हातात घ्यायची वेळ आली की खिशातला रुमाल काढून तिच्याभोवती गुंडाळायचे. ते नवीन आलेल्यांना सांगत, "बघा, शिस्त असली की डाग पडत नाही." शिस्त कसली, कामाला हातच लावला नाही तर डाग पडणार कुठून.

त्यांची खरी कारागिरी बघायची तर ती आलेखाच्या कागदावर. मी दिवसभर प्रयोग करून आकडे काढायची, संध्याकाळी सर ते आलेखावर मांडायचे. त्यांना सरळ रेष लागायची. सात ठिपके रेषेवर बसले आणि दोन बाहेर राहिले, की ते खोडरबर घेऊन अगदी प्रेमळ आवाजात म्हणायचे, "बाई, हे पाहुणे आहेत. आले तसे जातील." पाहुणे जायचे. एकदा नऊमधले पाच ठिपके पाहुणे निघाले. मी म्हटलं, सर, आता घरचे कमी आणि पाहुणेच जास्त झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उरलेल्या चार ठिपक्यांमधून पट्टी लावून त्यांनी रेष ओढली, फुंकर मारून रबराचा चुरा उडवला आणि मला उद्या पुन्हा करायला सांगितलं. काय पुन्हा करायचं, तर ते पाच ठिपके येणार नाहीत असा प्रयोग.

दुसरी त्यांची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ग्लास. कुणी बडा पाहुणा प्रयोगशाळेत आला, की सर त्याच्यासमोर निळं पाणी नितळ करून दाखवायचे, मग ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून उजेडाकडे धरायचे आणि सगळ्यांदेखत ओठांना लावायचे. पाहुणे अचंबित व्हायचे. एकानं तर त्यांच्या पायांना हात लावला. हा शास्त्रज्ञ स्वतःच्या शोधावर जीव टाकतो, असं त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये सगळे बोलत होते. ग्लास मी धुवायची, म्हणून मला ठाऊक होतं. तो जेवढा भरून जायचा, तेवढाच भरलेला परत यायचा.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका वर्षी सरांनी हा खेळ स्टेजवर केला. आरती झाली होती, बटाटेवडे तळून तयार होते आणि दोनशे माणसं, रेल्वेतली, हवाई दलातली, केंद्र सरकारच्या ऑफिसांतली, वड्यांच्या वासाकडे नाक करून बसली होती. सरांनी निळं पाणी नितळ केलं. टाळ्या झाल्या. मग कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि दुर्दैवानं आमचे हे उभे राहिले. इंजिन उघडून बसणारा माणूस, कुठला भाग कुठून निघाला आणि कुठे जाणार हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ते म्हणाले, "साहेब, रंग पाण्यातून निघून दाण्यांत गेला, हे समजलं. आता ते निळे दाणे कुठं टाकायचे?"

सर हसले आणि म्हणाले, "तो पुढच्या प्रोजेक्टचा विषय आहे." हे त्यांचं सर्वांत आवडतं वाक्य होतं. ज्याचं उत्तर येत नाही ते सगळं पुढच्या प्रोजेक्टमध्ये जायचं. आमच्या ह्यांना त्यांनी त्यानंतर कधी नावानं विचारलं नाही. "काय म्हणतात तुमचे गाळवाले?" असं विचारायचे. निळे दाणे तोवर प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला, आंब्याच्या झाडाखाली प्लास्टिकच्या पिंपांत साठत होते. पावसाळ्यात पिंपं भरून वाहिली की झाडाच्या बुंध्याशी निळं डबकं व्हायचं आणि रामसजीवन त्यावर वाळू टाकायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. सरकारी कचेरीत असे नग असतात, पगार घेतात, निवृत्त होतात, त्यांना कुणी आठवत नाही. पण तिसऱ्या वर्षी सरांनी मला नमुना आणायला पाठवलं आणि माझी नईम चाचांशी ओळख झाली.

चौक या लखनौच्या जुन्या बाजारपेठेच्या मागे, गोमती नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत दहा-बारा रंगरेजांची दुकानं होती. दुकान म्हणजे पुढे एक ओटा आणि मागे भट्टी, तिच्यावर भलामोठा भगोना. दुपट्टे, साड्या, चिकनच्या भरतकामाचे कुर्ते तिथे रंगायला यायचे. नईम चाचा त्यांच्यातले सगळ्यांत जुने. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा दाखवायचं, चाचा तो बल्बखाली कधी बघायचे नाहीत. उठून दारात यायचे, उन्हात धरायचे, मग परत जाऊन चिमटीनं रंग टाकायचे. वजनकाटा नव्हता. दुपट्ट्याचं एक टोक बुडवून काढायचं, भट्टीच्या शेकावर वाळवायचं, पुन्हा दारात आणून तुकड्याशी लावून बघायचं. कधी चार वेळा, कधी सात वेळा. जमेपर्यंत ते गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलायचे नाहीत. मी इतके दिवस जिला संशोधन म्हणत होते ती गोष्ट मी पहिल्यांदा तिथे पाहिली, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

त्या गल्लीला नोटीस आली होती. रंगीत पाणी नाल्यात सोडणं थांबवा, नाहीतर दुकानांना सील लागेल. नोटिशीत गैर काही नव्हतं. नाला कधी गुलाबी, कधी हिरवा वाहत होता आणि पुढे गोमतीलाच मिळत होता. चाचांनाही ते मान्य होतं. ते म्हणाले, नदी आमचीही आहे, आमच्या आज्या-पणज्यांनी तिच्यातच कापड धुतलं, पण आता रंग बदलले, पूर्वीसारखे राहिले नाहीत. आमच्या प्रयोगशाळेनं उपाय शोधलाय हे त्यांनी ऐकलं होतं. सरांनी गल्लीतल्या लोकांना बोलावून तसा शब्दच दिला होता. माझा कॅन भरून देताना चाचांनी विचारलं, "बिटिया, सच बताना, हमारा पानी साफ हो जाएगा न?"

मी म्हटलं, "हो जाएगा, चाचा." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते पाणी काचपात्रात घेतलं. राणी रंगाचं होतं, लग्नातल्या शालूसारखं गडद. दाणे टाकले. तास गेला, दोन तास गेले. दाणे फुगले, तळाशी बसले आणि पांढरेच राहिले. पाणी जसंच्या तसं गुलाबी. मी पुन्हा केलं, दुप्पट दाणे घालून केलं. रामसजीवन डोकावून म्हणाला, "मैडम, आज साबुदाने का भी उपवास है."

कारण समजायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला नाही, आणि ते समजल्यावर मी स्टुलावर बसूनच राहिले. रंगांच्या दोन जाती असतात. एका जातीच्या अंगावर धन भार असतो, दुसरीच्या अंगावर ऋण. आमच्या दाण्यांच्या शेपट्या ऋण भाराच्या, त्या फक्त धन भाराचा रंग धरणार. सरांचा निळा रंग धन भाराचा होता. तो औषधांच्या दुकानातल्या बाटलीत मिळतो, स्वस्त असतो, दाण्यांना छान चिकटतो, आलेख देखणा येतो. पण सुती कापडाचे रंग बहुतेक सगळे दुसऱ्या जातीचे. आमचे दाणे त्यांना जवळ येऊच देत नव्हते. सात वर्षं सर जो रंग पाण्यातून काढत होते, तो रंग त्या गल्लीतला एकही रंगरेज वापरत नव्हता. आणि सात वर्षांत त्यांनी एकदाही त्या गल्लीत जाऊन, तुम्ही कोणता रंग वापरता, एवढं विचारलं नव्हतं.

मी दोन्ही काचपात्रं घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी रुमालानं धरून गुलाबी पाण्याचं पात्र जरा दूर सरकवलं.

"नमुना चुकीचा आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, सर, नमुना त्यांच्या हौदातला आहे, मी स्वतः भरून घेतलाय. त्यांचे रंगच या जातीचे आहेत.

"मग त्यांना रंग बदलायला सांगा."

हे वाक्य मी कुणालाही सांगितलं की लोक म्हणतात, तू तिखटमीठ लावतेस. नाही लावत. त्या माणसाला खरंच वाटत होतं, की लखनौच्या रंगरेजांनी आपल्या आलेखाला शोभतील असे रंग वापरावेत. मी धीर करून म्हटलं, आपण शेपट्या बदलून बघू या, धन भाराच्या शेपट्या लावता येतात, लायब्ररीतल्या पुस्तकांत पद्धत आहे, सहा महिन्यांत होईल. सरांनी टेबलावरचा जाडजूड गठ्ठा माझ्याकडे वळवला. प्रोजेक्टचा शेवटचा अहवाल टाइप होऊन तयार होता. ते म्हणाले, "तो पुढच्या प्रोजेक्टचा विषय आहे, बाई." मग सहज आठवल्यासारखं त्यांनी माझी नेमणूक पुढच्या महिन्यात संपते का, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि पात्रं उचलून बाहेर आले.

प्रात्यक्षिक ठरलं. आवारात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, समोशांची खोकी आली. नोटीस काढणाऱ्या खात्याचे दोन साहेब येणार होते आणि वरून स्पष्ट आदेश होता, की प्रयोग रंगरेजांच्याच पाण्यावर करून दाखवायचा. म्हणून मी आदल्या दिवशी पुन्हा नईम चाचांकडे गेले. त्यांनी आपला तेलाचा रिकामा कॅन घासूनपुसून त्यात पंधरा लिटर पाणी भरलं, झाकणाखाली चिंधी लावली आणि टेंपोपर्यंत स्वतः आणून दिला. सकाळी मी तो घेऊन मांडवात गेले, तर टेबलावर मोठं काचेचं पिंप आधीच भरलेलं होतं. निळ्या पाण्यानं. रामसजीवन माझ्या नजरेला नजर देईना. आपल्या साहेबांनी कालच नळाच्या पाण्यात रंग कालवून घेतला, असं तो पुटपुटला.

सर आले तेव्हा मी कॅनकडे बोट केलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "तो खाली ठेवा. लोकांचा उगाच गोंधळ होतो." मी तो टेबलाखाली ठेवला. वरून पांढरी चादर लोंबत होती, त्यामुळे कुणाला दिसला नसता. पूर्ण वेळ तो माझ्या पावलाला लागत होता.

रंगरेज मागच्या रांगांत बसले होते, धुतलेले कुर्ते घालून. चाचांनी डोळ्यांत सुरमा घातला होता. सरांनी दाणे टाकले, पाणी ढवळलं, भाषण केलं आणि भाषण संपेस्तोवर पाणी नितळ झालं होतं. ग्लास भरला, ओठांना लागला. टाळ्या पडल्या. साहेबांपैकी एक मात्र जरा चौकस होता. त्यानं विचारलं, हे तिथलंच पाणी आहे ना, नमुना कुणी आणला? सरांनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे हात केला.

"ये मैडम खुद जाके लेके आया."

यातला शब्दन् शब्द खरा होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनीही मागून मान उंच करून माझ्याकडे पाहिलं. पायाला कॅन लागत होता. चादर बाजूला करून तो वर ठेवला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. मला वाकायचं होतं, तेवढंच. मी म्हटलं, "जी."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग समोसे आले.

कॅन परत करायला मी दोन दिवसांनी गेले. रिकामा करून न्यावा एवढंही मला सुचलं नाही, किंवा त्या पाण्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. चाचांनी हसतच तो माझ्या हातातून घेतला आणि त्याच्या वजनानं त्यांचा हात खाली गेला. त्यांनी झाकण उघडलं, चिंधी काढली, आत बघितलं.

"ये तो वैसा ही भरा है, बिटिया."

त्यांनी पाणी हळूच मागच्या हौदात ओतलं, कॅन उलटा करून भिंतीशी ठेवला आणि पोराला माझ्यासाठी चहा आणायला सांगितलं. तो चहा मला प्यावा लागला.

पुढचं सगळं कागदाबरहुकूम झालं. प्रयोग यशस्वी झाल्याची नोंद झाली होती, तेव्हा उपाय उपलब्ध नाही असं म्हणायची सोय गल्लीला उरली नाही. त्यांनी मिळून सिमेंटची टाकी बांधली, आमचे दाणे घेतले, सांगितल्याप्रमाणे टाकले. पाणी गुलाबीच. तक्रार आली तेव्हा सर एकदा तिथे गेले. गल्लीच्या तोंडाशी नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि त्यांनी निदान केलं, की ही माणसं नीट ढवळत नाहीत. "ठीक से घुमाव," असं सांगून ते जीपमध्ये बसले. बिचारे बांबूनं टाकी ढवळत राहिले. तपासणीला आलेल्या माणसानं टाकीतलं पाणी पाहिलं, अहवालातलं यश पाहिलं आणि दोष कुणाचा ते ठरवलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच ठरवलं असतं. एकेक करत सगळ्या गल्लीला सील लागलं. नाला काही दिवस बिनरंगाचा वाहिला. सरांनी त्याचा फोटो काढून घेतला आणि तो पुढच्या प्रोजेक्टच्या अर्जाला जोडला.

माझी नेमणूक वाढली, हे सांगायला हवं. आमच्या ह्यांची बदली झाली तेव्हा सरांनी मला प्रशस्तिपत्रक दिलं, त्यात मी अत्यंत विश्वासू असल्याचं लिहिलं होतं. त्याच पत्रावर मला पुढची नोकरी लागली. सरांना नावं ठेवताना मी हे विसरत नाही, आणि कदाचित म्हणूनच जास्त नावं ठेवते.

लखनौ सोडायच्या आधीच्या आठवड्यात मी चौकात शेवटच्या खरेदीला गेले होते. पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. नईम चाचांच्या बंद दारासमोर, लाखेच्या सीलपाशी, पांढरा शर्ट उभा होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत मलमलचा तागा. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, चार वर्षांत पहिल्यांदाच.

मुलीचं लग्न पुण्याला ठरलं होतं. जावयाला आणि वऱ्हाडाला शालूच्या रंगाचे फेटे हवे होते. तीन रंगाऱ्यांकडून करून बघितलं, रंग मिळत नव्हता. चौकात ज्याला विचारावं तो म्हणत होता, हा रंग एकच माणूस काढेल. त्यांनी खिशातून शालूच्या कापडाचा तुकडा काढला. राणी रंग. तोच, ज्याला आमचे दाणे शिवले नव्हते.

"कुठं गेली ही सगळी माणसं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता तरी समजेल. मी म्हटलं, सर, यांची दुकानं बंद झाली. पाणी साफ होत नव्हतं म्हणून.

सरांनी सीलकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग ते खरोखरच्या दुःखानं म्हणाले, "आपली पद्धत वापरायला हवी होती त्यांनी."

मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी किळस आली, की आजही शब्द सापडत नाही. तो खोटं बोलत असता तर बरं वाटलं असतं. तो खोटं बोलत नव्हता.

त्यांनी विचारलं, "तुमची ओळख होती ना त्या म्हाताऱ्याशी? कुठं भेटेल?"

चाचा बख्शी का तालाबला लेकीकडे राहत होते, आमच्या क्वार्टरपासून सायकलच्या अंतरावर. अंगणात एक छोटा भगोना मांडून शेजारपाजारच्या चार बायकांचे दुपट्टे रंगवायचे, आणि रंगाचं पाणी नाल्यात न सोडता खड्ड्यात वाळवायचे. मागच्याच रविवारी त्यांनी माझी एक जुनी साडी रंगवून दिली होती. मी नको नको म्हणताना.

"नाही सर," मी म्हटलं. "कुणालाच माहीत नाही."

सरांपायी मी लखनौत दोनदा खोटं बोलले. पहिल्याची लाज मला अजून वाटते.

गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं. सर अजून तिथेच होते. त्या बंद दाराच्या पायरीवर चढून त्यांनी शालूचा तुकडा उन्हात धरला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "ये कलर कौन करके देगा?" लोक थांबत होते, तुकड्याकडे बघत होते, दारावरच्या सीलकडे बोट दाखवत होते आणि पुढे जात होते.